कृपा म्हणजे यादीत नाव नसणं नव्हे

२०२३ च्या सुरुवातीची गोष्ट. शुक्रवारी दुपारी ऑफिसात कुजबुज सुरू झाली, चारपर्यंत मेल आले आणि संध्याकाळी आमच्या टीममधली तीन टेबलं रिकामी झाली. त्यातलं एक माझ्या शेजारचं. माझं नाव यादीत नव्हतं. रात्री पुण्याहून शिरोलीला घरी फोन लावला आणि म्हटलं, "आई, देवाची कृपा! मी वाचलो."

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि ज्यांची नावं होती, त्यांच्यावर देवाची कृपा नव्हती व्हय रे?"

आमची आई काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. बाबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साच्यात लोखंड ओतायच्या कामावर, आईचं घरी शिलाई मशीन. रविवारी चर्च आणि रोज जेवणाआधी प्रार्थना, एवढंच आमचं ख्रिस्तीपण. पण त्या एका प्रश्नानं तिनं माझी विकेट काढली. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. आपण ज्याला कृतज्ञता म्हणतो, तिच्यातली निम्मी कृतज्ञता नसतेच. 'बरं झालं, मी नाही' अशी ती नुसती सुटका असते, आणि वर आपण देवाच्या नावाचं लेबल चिकटवतो.

पटत नाही? लहानपण आठवा. "बघ, त्या पोराच्या पायात चप्पलसुद्धा नाही, देवाचे आभार मान." हे प्रत्येक घरात ऐकलेलं असतं, धर्म कुठलाही असो. म्हणजे माझ्या चपलेचे आभार मानायला समोर एक अनवाणी पोरगं लागतं! उद्या त्यालाही चप्पल मिळाली तर माझी कृतज्ञता कुठे जाणार?

२०१९ चा ऑगस्ट आठवतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि ट्रकच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. त्या ड्रायव्हर लोकांना आजूबाजूच्या घरांतून जेवण जात होतं. आमच्या घरीही सकाळी परात भरून पीठ मळलं जायचं. पाणी ओसरल्यावर एका नातेवाइकांकडे घरगुती प्रार्थना ठेवली होती. तिथे एक काका साक्ष द्यायला उठले : प्रभूनं आमच्या पायरीपाशी पाणी थांबवलं! सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणालो.

घरी येताना बाबा बोलले, "पाणी उतार बघतंय, माणसाचा धर्म बघत न्हाई." बाबा उभा जन्म उतारावरून लोखंड वाहताना बघत आलेत. त्यांना हे कळतं. त्या काकांच्या गल्लीत खालच्या अंगाला चार घरांच्या भिंती बसल्या होत्या. पायरीपाशी पाणी देवानं थांबवलं असेल, तर त्या चार घरांत ते कुणी सोडलं? हा प्रश्न साक्षीच्या वेळी कुणी विचारत नाही. विचारला की लोक म्हणतात, पोराची श्रद्धा कमी झाली, पुण्याला शिकायला गेला ना...

उलट मी म्हणतो, शास्त्र नीट वाचा. लूकच्या शुभवर्तमानात १३ व्या अध्यायात बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशू स्वतःच करतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. विषय संपला! पुढे १८ व्या अध्यायात परूशी आणि जकातदार मंदिरात जातात. परूशाच्या प्रार्थनेची सुरुवात कशानं होते माहितेय? आभारांनी. आपण त्या इतर लोकांसारखे नाही, म्हणून तो देवाचे आभार मानतो. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो दुसरा, छाती बडवणारा. म्हणजे तुलनेतून निघालेले आभार हा चांगुलपणा नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वी सांगून झालंय. आम्ही मात्र दर रविवारी तीच प्रार्थना नव्या कपड्यात करतो. :)

मग खरी कृतज्ञता कशी असते? लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये. पण खरा पालट त्याच्या आधीच, खाण्यापिण्यात झाला. जातपात माणसानं केलेली, हे मनाला पटलं आणि त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार झाल्या. 'मी तुमच्यासारखी नाही' म्हणण्यात जन्म गेलेल्या घरातली बाई, आणि तिची श्रद्धा सुरू झाली ती ही भिंत पाडून. माझ्या मते खुणेची गोष्ट हीच. आभार मानल्यावर शेजारचा माणूस जवळ आला की लांब गेला, एवढंच तपासायचं.

आता कुणी म्हणेल, "मग वाचलो त्याचा आनंदही मानायचा नाही का? पौलानं तर सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलीय." बरोबर. पण 'परिस्थितीत' म्हणालाय तो. शेजाऱ्याची नोकरी गेली याबद्दल नव्हे, ती गेलेली असतानाही. नोकरी टिकली की हायसं वाटणारच, माणूस आहोत. त्याला 'सुटलो' म्हणा. कृपा म्हणायची घाई करू नका. कृपा हा शब्द वापरला की हिशेब लागतो : मला मिळालं ते कुणासाठी?

आमच्या घरची जेवणाआधीची प्रार्थना लांब असते. आई नावं घेते. दूधवाला, पावसात खांबावर चढलेला वायरमन, बाबांच्या शिफ्टमधला भाजलेला बिहारी पोरगा. आमटी गार होते. लहानपणी वैताग यायचा. आता कळतं, ती आभार मानत असते आणि देणी मोजत असते.

त्या शुक्रवारी फोन ठेवताना तिनं विचारलं, "शेजारच्या पोराला फोन केलास?" नव्हता केला. काय बोलायचं, लाज वाटत होती. मग केला. दोघांनी मिळून त्याचा बायोडेटा सुधारला, मी ओळखीच्या चार ठिकाणी पाठवला. एकही लागला नाही. नोकरी त्याला चार महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या ओळखीनं मिळाली. पण ते चारही महिने शिरोलीच्या आमच्या स्वयंपाकघरात, आमटी गार होत असताना, त्याचं नाव घेतलं जात होतं. तो ख्रिस्ती नाही. आईनं ते कधी विचारलंही नाही.