नवा गुडघा आणि पहिला प्रवास

गुडघ्याची वाटी बदलून आलेला माणूस आता पेण-रोह्यात नवलाचा राहिलेला नाही. मी दवाखाना थाटला त्या काळात असा रुग्ण तालुक्यात एखादाच असे आणि त्याचा गुडघा बघायला शेजारीपाजारी जमत. आज बाजारात चक्कर मारली तर असे दोन-तीन जण सहज भेटतात. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कराखेरीज ५४,७२० रुपयांवर आणली. ऑपरेशनचा एकूण खर्च अजूनही थोडाथोडका नाही. तरीही जन्मभर भातखाचरात वाकून किंवा गणपतीच्या कारखान्यात उकिडवे बसून ज्यांचे गुडघे झिजले, त्यांची मुले आता निदान हिशेब तरी मांडून पाहतात.

आपण 'वाटी बदलली' म्हणतो. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक नीट कापून त्यांवर धातूची टोपणे बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती ठेवतात. वाटी पुष्कळदा आपली आपल्याकडेच राहते. पण शब्द रुळला आहे, राहू द्या.

ऑपरेशन होऊन महिना झाला की रुग्ण मला हमखास एक प्रश्न विचारतात. "डॉक्टर, विमानात कधी बसू?" कोणाचा मुलगा दुबईला असतो, कोणाच्या मुलीचे बाळंतपण अमेरिकेत असते, कोणी मंडळाबरोबर काशीचे बुकिंग करून ठेवलेले असते. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीवर चार दिवस घालवायची हौस करणारी जोडपीही आता आपल्याकडे आहेत. त्यातच ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तोही आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. तेव्हा हा प्रश्न यापुढे वाढणारच.

प्रश्न योग्य आहे, त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. परंतु माझ्या मते त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो मला आजवर क्वचितच कोणी विचारला. मुंबईच्या हॉस्पिटलातून रोह्यापर्यंत घरी कसे यायचे? विमानाची धास्ती घेणारा माणूस मोटारीत निर्धास्त बसतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

धोका कशाचा, ते आधी पाहू. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकते आणि चालताबोलता माणूस दगावू शकतो. गुठळी होण्याची तीन कारणे वैद्यकशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे. गुडघा किंवा खुबा बदलला की ही तिन्ही कारणे एकाच पायात एकत्र येतात. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे हा धोका सर्वांत जास्त असतो, मग तो उतरत जातो, पण साधारण तीन महिने तरी त्याला विसरून चालत नाही.

आता यात विमानाचा वाटा किती? १९५४ साली जॉन होमन्स या अमेरिकन सर्जनने लांबच्या विमानप्रवासानंतर गुठळी झालेल्या रुग्णाची नोंद केली, आणि पुढे तर स्वस्त वर्गातल्या चिंचोळ्या खुर्चीच्या नावाने हा आजारच ओळखला जाऊ लागला. पण त्याच्याही आधीची गोष्ट आहे. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते. लोक रात्र रात्र तळघरांत आणि आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. कीथ सिम्पसन या डॉक्टरांच्या लक्षात आले की बॉम्ब न लागताही यांतली काही माणसे फुप्फुसात गुठळी जाऊन मरत आहेत. खुर्चीची कड मांडीखाली दाबलेली, पाय तासन् तास लोंबकळते. तिथे विमान तर नव्हतेच, प्रवासही नव्हता. होते ते एका जागी बसून राहणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले, त्यातही हेच निघाले. चार तास किंवा अधिक वेळ बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो, मग ते विमान असो, आगगाडी असो, बस असो की मोटार. धडधाकट माणसात हा धोका मुळात फार थोडा, साधारण सहा हजारांत एक. पण ज्याच्या पायात धोक्याचे पारडे आधीच जड आहे, त्याने त्यात आणखी भर का घालावी?

आता आपला रस्ता आठवा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून या रस्त्याने पेण-रोहेकरांच्या हाडांची जी परीक्षा घेतली ती मी वेगळी सांगायला नको. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि शिवडीहून खाडी ओलांडणे सोपे झाले, हे खरे. परंतु शनिवार-रविवार, गणपती, शिमगा असे दिवस असले आणि वडखळला गाड्यांची रांग लागली, की चार तास कसे जातात ते कळत नाही. विमानात निदान उठून दोन पावले टाकता येतात. मोटारीच्या मागच्या सीटवर पाय दुमडून बसलेल्या आजींना ती सोय नाही.

रोह्याकडच्या एका साठीच्या बाईंची हकीकत सांगतो. मुंबईच्या एका हॉस्पिटलात गुडघा बदलून चौथ्या दिवशी त्या घरी निघाल्या. ऑपरेशन उत्तम झाले होते. प्रवासाला जवळजवळ पाच तास लागले. वाटेत त्या एकदाही उतरल्या नाहीत. पाणीही प्यायल्या नाहीत, कारण रस्त्यात बायकांना जाण्याजोगी जागा कुठे मिळणार ही चिंता. आपल्याकडच्या बहुतेक बायका प्रवासात तहानलेल्याच राहतात, आणि शरीरातले पाणी कमी पडले की रक्त दाट होते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या दिलेल्या होत्या, पण "पोटात जळजळते" म्हणून तिसऱ्या दिवशी त्या बंद झाल्या. आठवड्याने पोटरी फुगली, दगडासारखी टणक झाली. शेजारणीने कोमट तेलाने मालिश सुचवले. सून शहाणी. ती म्हणाली, आधी डॉक्टरांना दाखवू. मी पाय पाहिला आणि त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफीला पाठवले. गुठळी निघाली. उपचार वेळेवर सुरू झाले, तीन महिने गोळ्या चालल्या आणि बाई बऱ्या झाल्या. मुलाने आखाती देशातून पाठवलेले तिकीट मात्र रद्द करावे लागले.

त्या घरात दोष कोणाचाच नव्हता. डिस्चार्ज कार्डावर सगळे लिहिलेले होते, इंग्रजीत, आणि तेही डॉक्टरांनाच कळेल अशा अक्षरात.

म्हणून घरी येतानाच्या प्रवासाची तयारी ऑपरेशनच्या आधीच करा. सुट्टीचा दिवस टाळा, पहाटे निघा. पुढची सीट मागे सारून रुग्णाला तिथे बसवा, म्हणजे पाय पसरता येतो. दर तासाला गाडी थांबवून वॉकरवर चार पावले चालवा. उतरणे अगदीच अशक्य असेल तर पंजे खाली-वर करत राहा. पोटरीचे स्नायू आकसतात तेव्हा पंपासारखे रक्त वर ढकलतात, हा व्यायाम बसल्या बसल्या होतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पाणी प्या आणि वाटेतला थांबा कुठे, हे आधी ठरवून ठेवा. खुबा बदलला असेल तर खोल, बसक्या सीटवर बसू नका, खाली घट्ट उशी घ्या. आधी पाठमोरे बसा, मग दोन्ही पाय आत घ्या. रिक्षात अंग वाकवून शिरणे काही आठवडे नकोच. गाडीपेक्षा आगगाडी सोयीची असेल तर तीही बरी, कारण डब्यात चालता येते. मात्र फलाट आणि पायरी यांतले अंतर आधी बघून घ्या.

रक्त पातळ ठेवण्याचे औषध, गोळी असो वा पोटावरचे इंजेक्शन, सांगितलेले दिवस पुरे करा. गुडघ्यासाठी ते बहुधा दोन आठवडे असते, खुब्यासाठी पाच आठवड्यांपर्यंत. जळजळ झाली तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहे. उलट, कोणी सांगितले म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. ऑपरेशननंतर पाय थोडाफार सुजतोच, त्याने घाबरू नये. पण सूज कमी होण्याऐवजी वाढू लागली, पोटरी दुखरी, गरम, टणक झाली तर मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसले किंवा घेरी आली, तर १०८ ला फोन करा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

आता विमानाचे. ज्यांच्या नावाने तो सेतू आहे, त्या अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे पंतप्रधानपदी असतानाच मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलात बदलले गेले. डावा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये. न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती ऑपरेशने केली. पुढच्याच महिन्यात, जुलै २००१ मध्ये, वाजपेयी आग्र्याला पाकिस्तानच्या अध्यक्षांशी वाटाघाटी करत होते. सगळ्या देशाने ते पाहिले आणि या ऑपरेशनची भीती पुष्कळ कमी झाली. पण पंतप्रधानांबरोबर डॉक्टर असतात. आपल्याबरोबर असते ती दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी.

सर्वसाधारण सल्ला असा, की दोन-तीन तासांचा देशातला प्रवास सहा आठवड्यांनंतर आणि समुद्रापलीकडचा लांबचा प्रवास तीन महिन्यांनंतर करावा. औषध नीट घेणारे, चालतेफिरते रुग्ण याआधीही सुखरूप गेलेले आहेत, आणि एखाद्याला सर्जन लवकर परवानगी देतीलही. पण ती परवानगी तुमचा पाय तपासून सर्जनने द्यायची असते, ट्रॅव्हल एजंटने नव्हे. पूर्वी गुठळी झालेली असेल, कर्करोग असेल, वजन फार असेल, तर अधिक थांबावे.

तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागा आणि कडेची, वाटेलगतची जागा घ्या. धोक्याच्या दरवाजाजवळची ऐसपैस जागा अशा प्रवाशांना देत नाहीत, तिच्यासाठी हट्ट धरू नका. औषधे आणि डॉक्टरांचे पत्र हातातल्या पिशवीत ठेवा. तपासणीच्या दारातून जाताना नवा गुडघा शिट्टी वाजवील. लाजू नका, आधीच सांगा. पत्र दाखवले तरी अंगझडती होणारच, तो त्यांचा नियम आहे. परदेशचा विमा काढताना ऑपरेशन लपवू नका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी नेमका सापडतो.

बोटीच्या प्रवासाला वेगळे भय आहे. तिथे बसून राहावे लागत नाही, उलट चालायला जागा भरपूर. भीती पडण्याची. हलता डेक, ओल्या पायऱ्या, केबिनचा उंच उंबरठा. नव्या सांध्याभोवतीचे हाड मोडले तर ते दुरुस्त करणे पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असते, आणि भर समुद्रात हाडांचे ऑपरेशन होत नाही. हेच आपल्या मांडव्याच्या बोटीलाही लागू आहे. गेटवेच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि लाटेबरोबर बोट वर-खाली होते. काठीशिवाय जिना चढता-उतरता येत नाही तोवर त्या वाटेला जाऊ नये. भाऊच्या धक्क्याहून सुटणारी रो-रो बोट त्या मानाने स्थिर आणि प्रवास तासाभराचा, पण जिने आणि ओले लोखंड तिथेही आहेच.

मला शेवटी दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या आहेत. पहिली मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांना. तुमचा रुग्ण चौथ्या दिवशी तुमच्या दारातून बाहेर पडतो, तेव्हा तो घरी पोहोचलेला नसतो. त्याच्या हातात मराठीत छापलेला एक कागद द्या. घरी कसे जायचे, वाटेत काय करायचे, गोळी किती दिवस, कोणती लक्षणे दिसली तर धावायचे आणि रात्री कोणाला फोन करायचा. लाखांच्या बिलात एका कागदाचा खर्च मावेल. शिवाय त्याच्या गावच्या डॉक्टरच्या नावे दोन ओळी लिहा, कारण सुजलेला पाय आधी आमच्याच दारात येतो.

दुसरी गोष्ट परगावच्या, परदेशच्या मुलामुलींना. आईवडिलांचे तिकीट काढून मग त्याच्या अलीकडे ऑपरेशनची तारीख बसवू नका. ऑपरेशन होऊ द्या, तपासणी होऊ द्या, मग तिकीट काढा. नातवाचे बारसे आजीशिवाय झाले तर आजीला वाईट वाटेल, पण पाचव्या महिन्यात ती आपल्या पायांनी चालत येईल आणि त्याला कडेवर घेईल. नवा गुडघा त्यासाठीच तर बसवला आहे.