उपचार मोफत, मग बुडालेल्या मजुरीचे काय?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्याच वर्षी परभणीत १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. पण त्यामुळे आरोग्यातील विषमता संपली का?

मोफत म्हणजे नेमके काय?
केसपेपरचे पैसे वाचले. गाडीभाडे आणि बुडालेला रोज मात्र वाचला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. पालम किंवा जिंतूर तालुक्यातील शेतमजूर महिला जिल्हा रुग्णालयात आली, की तिची त्या दिवसाची मजुरी गेलीच. सोबत कोणी आले, तर दोघांची.

सरकार भेदभाव करते का?
उघडपणे नाही, पण रांगा वेगळ्या आहेत. सरकारी कर्मचाऱ्याला उपचारखर्चाची प्रतिपूर्ती मिळते, आजारपणात पगारी रजाही असते. राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकते. शेतमजुराला यातले काहीच नाही. जनआरोग्य योजनेचे पाच लाखांचे कवच ठरावीक उपचारांसाठी आहे. मजुरीची भरपाई त्यात नाही.

ऊसतोड कामगारांचे काय?
दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे फडावर जातात आणि गावातील आशाताईंचा पाठपुरावा तुटतो. गरोदर मातेची तपासणी, बाळाचे लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, सगळेच खंडित होण्याचा धोका असतो.

हे फक्त इथेच घडते का?
नाही. सोव्हिएत संघात आरोग्यसेवा मोफत आणि पूर्णपणे सरकारी होती. तरीही पक्षातील वरिष्ठांसाठी स्वतंत्र, अधिक सुसज्ज रुग्णालये होती. मालकी सरकारची असली म्हणून वाटप आपोआप समान होत नाही.

मग करायचे काय?
हंगामापूर्वी गावातच आरोग्य तपासणी व्हावी. नोंदी कामगारासोबत फडापर्यंत पोहोचाव्यात. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रावर त्यांची जबाबदारी निश्चित व्हावी. आणि रुग्णालयात दाखल झालेल्या मजुराला किमान काही दिवसांचा रोज मिळावा. पगारदाराला आजारी पडण्याची सवलत आहे. ती मजुराला मिळत नाही, तोवर ‘मोफत’ हा शब्द अर्धाच खरा आहे.