शिट्टी पोहोचत नाही तेव्हा

तलावावरच्या जीवरक्षकाची सगळी भिस्त शिट्टीवर आणि घशावर असते. शिट्टी मारायची, ‘ए निळी टोपी, मागे फीर!’ असं ओरडायचं, आणि पोहणाऱ्यानं लगेच वळून बघावं ही अपेक्षा. ज्याला ऐकू येत नाही, किंवा ऐकू येऊनही शब्दांचा अर्थ चटकन लागत नाही, तो वळत नाही. मग काठावरचे म्हणतात, पोरगं आगाऊ आहे.

काठावर तुमच्याशी छान गप्पा मारणारी मुलगीसुद्धा पाण्यात बहिरी असू शकते, कारण श्रवणयंत्र बहुतेक जण उतरण्याआधी काढून ठेवतात. चष्माही काढलेला असेल तर ओठ वाचणंही गेलं. हे जीवरक्षकाला कुणी शिकवत नसेल, तर प्रशिक्षण अर्धवट आहे असंच मी म्हणेन.

जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीत ऐकू न येणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं. भोंगे वाजले, पण त्यांच्यासाठी नव्हे. २०२० पासून तिथे किनाऱ्यावर त्सुनामीचा इशारा देताना लाल-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडाही हलवतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल झेंडा आणि पोहण्याची हद्द दाखवणारे लाल-पिवळे झेंडे आहेतच. आपल्या तलावांवर मात्र अजून शिट्टीच.

तलाव चालवणाऱ्यांना विनंती अशी, की हातांच्या चार खुणा ठरवा : थांब, इकडे ये, बाहेर ये, ठीक आहेस का? त्यांची चित्रं प्रवेशाजवळ लावा आणि प्रत्येक शिट्टीबरोबर खूण करायची सवय जीवरक्षकांना लावा. अडचण ऐकण्याची नसून बोलण्याची असेल तरी धीर हवाच : अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य आपण पुरं करू नये, थांबावं. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या आजोबांना ‘हो की नाही’ असं उत्तर देता येईल असंच विचारावं, मान हलवली तरी पुरे.

ऑटिझम असलेल्या मुलांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. त्यांच्यातल्या अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोक्याची जाणीव कमी. ‘पळू नकोस’ म्हटलं तर त्यातलं ‘पळ’ एवढंच कानात राहू शकतं, ‘चाल’ म्हणा. एक सूचना द्या, थोडं थांबा, मग तीच पुन्हा त्याच शब्दांत. बंदिस्त तलावाचा घुमणारा आवाज काहींना असह्य होतो, अंगाला हात लावलेला चालत नाही. म्हणून जीव धोक्यात नसेल तर आधी समोर या, दिसा, मग हात पुढे करा. बुडत असेल तर अर्थात यातलं काहीच बघायचं नाही, उडी मारायची. आणि बुडणारं माणूस बहुधा ओरडतच नाही, हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं.

आईबापांनो, प्रवेश नाकारतील या भीतीनं अर्जात काही लपवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, श्रवणदोष आणि वाचा-भाषा दोष या सगळ्यांची नोंद आहे. कुणी अडवलं तर तो कायदा दाखवा. पोहायला उतरण्याआधी ड्युटीवरच्या जीवरक्षकाची आणि मुलाची समोरासमोर ओळख करून द्या. त्याला नावानं हाक मारलेली कळते की टाळी वाजवलेली, घाबरला की तो काय करतो, कुठल्या खुणेला हमखास बाहेर येतो, एवढं सांगा. पाळी बदलली की नव्या माणसालाही सांगा. टोपी दरवेळी एकाच, उठून दिसणाऱ्या रंगाची घाला. निळी नको, निळ्या पाण्यात ती हरवते.