पाऊस सरासरीइतका, वॉर्ड मात्र भरलेला

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की रुग्ण आधी आकड्याशेजारचा कंस बघतो. आकडा कंसात बसला की सुटकेचा श्वास. हवामान खात्याचा वर्षाचा आढावा जानेवारीत येतो तेव्हा आपणही तो असाच वाचतो. २०२४ चा देशाचा हिशेब होता: पावसाळा सरासरीच्या १०८ टक्के, वार्षिक तापमान सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने जास्त. १९०१ पासूनचे ते सर्वांत उष्ण वर्ष ठरले, पण ०.६५ अंशाला घाबरणार कोण? पंख्याचा वेग एका आकड्याने वाढवला की झाले, असेच वाटते.

मी विदर्भातल्या सरकारी रुग्णालयात काम करतो. इथे ०.६५ अंशाने कोणी आजारी पडत नाही. माणसे आजारी पडतात ती ठरावीक आठ-दहा दिवसांत आणि बरेचदा रात्री.

दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वी मेअखेरीस पहाटे एका वृद्धाला आणले. अंग तापलेले, कोरडे, बोलणे असंबद्ध. मुलगा सांगत होता, 'बाबा तर उन्हात गेलेच नाहीत, दोन दिवस घरातच होते.' घर म्हणजे पत्र्याची एक खोली. दिवसभर तापलेला पत्रा रात्रभर खाली उष्णता सोडतो. दिवसा घाम गाळून थकलेल्या शरीराला रात्री थंड होण्याची उसंत लागते. ती सलग दोन-तीन रात्री मिळाली नाही की आधी म्हाताऱ्यांचे हृदय आणि मूत्रपिंड हार मानतात. बाहेरचे किमान तापमान त्या रात्री ३१ अंशांच्या आसपास होते. खात्याच्या व्याख्येत 'उष्ण रात्र' ठरायला दिवसाचा पारा किमान ४० आणि रात्रीचा पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असावा लागतो. आमच्याकडे तेव्हा रात्रीची सरासरीच २८ च्या घरात असते. म्हणजे ती रात्र कागदावर उष्ण नव्हती.

ही सरासरी येते कुठून? तापमानासाठी सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांची. दर दहा वर्षांनी ती पुढे सरकते. हवामानशास्त्राची ती जगभरची रीत आहे आणि तिच्यात खोट काढण्याचा मला अधिकार नाही. पण डॉक्टर म्हणून एक खटकते. गावातल्या सगळ्यांचाच रक्तदाब वाढत गेला आणि मी दर दहा वर्षांनी गावाची नवी सरासरी काढून तिलाच 'नॉर्मल' म्हणू लागलो, तर माझी नोंदवही छान दिसेल. रक्तवाहिन्या मात्र फुटायच्या राहणार नाहीत.

पावसाचेही तसेच. जिल्ह्यात हंगामाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडो की १९ टक्के जास्त, त्याला 'सर्वसाधारण'च म्हणतात. धरणाला ते चालते, कारण धरण पाणी साठवून बेरीज करते. डास बेरीज करत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, पाऊस ३६ टक्के कमी. तरी हंगाम संपला तेव्हा आकडा ९४ टक्के. असा खंड पडला की घरोघरी ड्रम, टाक्या भरून ठेवल्या जातात, कूलरच्या तळाशी पाणी राहून जाते. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला कोरडी चिकटून महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी लागले की फुटतात. पुढे आठ-दहा दिवसांत डास तयार.

समुद्रकाठी आणखी वेगळे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने डझनभराहून अधिक माणसे गेली. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. आमच्या विदर्भात एप्रिलमध्ये ३८ म्हणजे बरा दिवस! पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही.

अहमदाबादने यातून वाट काढली. २०१० च्या मे महिन्यातल्या भीषण उन्हाळ्यानंतर किती माणसे नेहमीपेक्षा जास्त दगावली हे त्या शहराने तपासले आणि २०१३ पासून त्या आधारे उष्णतेचे इशारे द्यायला सुरुवात केली. इशारा कधी द्यायचा हे तिथे मृत्यूंच्या नोंदीवरून ठरले. आपल्या जिल्ह्यांत हवामानाचा तक्ता एका कचेरीत आणि आमचे रजिस्टर दुसऱ्या इमारतीत, अशी स्थिती आहे. दोन्ही दर आठवड्याला एका टेबलावर यावेत, एवढीच माझी मागणी आहे. त्याला नवी इमारत लागत नाही की निविदा. दुसरे काम आम्हा डॉक्टरांचे. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' लिहून आपण मोकळे होतो आणि उष्णतेचा उल्लेख राहून जातो. जे लिहिलेच नाही, ते कोणत्याही आढाव्यात कसे येणार?

२०२५ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. आमचा उष्माघात कक्ष त्या वर्षीही ठरल्या तारखेलाच उघडला. कॅलेंडर बदलणे माझ्या हातात नाही. सिस्टरना एवढेच सांगून ठेवले आहे की मार्चपासून केसपेपरवर दोन प्रश्न वाढवा: रात्री कुठे झोपलात, आणि वर छप्पर कशाचे?