मांजराची बरगडी कुणी चाचपली?

गणपतीला सिंधुदुर्गातल्या फोंडाघाटात चाकरमानी उतरला की घरच्या माणसांबरोबर मांजराचीही विचारपूस होते. ओटीवर पसरलेला जाडजूड बोका पाहून कुणीतरी कौतुकाने म्हणतो, "माजर कसा बरा झाला हा!" शेजारच्या अंगणातली सडपातळ मांजरी दिसली की सूर पालटतो, "सुकान गेला गो ह्या, जेवूक घालतास मा?" दोन्ही निकाल एका नजरेत लागतात आणि त्यांवर अपील नसतं. अनेकदा दोन्ही साफ चुकलेले असतात. बऱ्या झालेल्या बोक्याने माडीवर उडी मारणं केव्हाच सोडलेलं असतं आणि सुकलेली मांजरी ठणठणीत असते.

पूर्वपक्षाची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती वेडगळ नाही. पेज, उरलेला भात आणि बांगड्याचं डोकं एवढ्यावर मांजर जगायचं, तेव्हा अंगावर चार बोटं मांस दिसणं ही खुशालीची खूण होती. गुबगुबीत मांजर म्हणजे खातंपितं घर! पण आता मांजराचं जगणं बदललं आहे. नसबंदी झाली की त्याची भूक वाढते आणि अंगाची गरज मात्र घटते. त्यात मुंबईहून कोरड्या खाद्याच्या पिशव्या येतात आणि वाडगा दिवसभर भरलेला राहतो. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात, म्हणजे असलं खाद्य पन्नास-साठ ग्रॅम. घरात बसून असणाऱ्याला त्याहूनही कमी. माणसं मात्र हात सैल सोडून ओततात आणि नंतर मधुमेह, सांधेदुखी उपटली की वयाला बोल लावतात.

लठ्ठपणाच्या कौतुकाला जगातही तोटा नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधला हिमी नावाचा बोका २१.३ किलो भरला आणि १९८६ साली मेला. पुढे गिनीजने सर्वात वजनदार मांजराचा विक्रम नोंदवणंच बंद केलं. लोकांनी विक्रमापायी मांजरांना कोंबून खायला घालू नये, एवढंच त्यामागचं कारण.

दुसरा पक्ष शिकलेल्यांचा. तो मोबाईलवर तक्ता काढतो आणि चार किलोच्या वर गेलेलं प्रत्येक मांजर लठ्ठ ठरवतो. हा पक्ष पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतो, कारण त्याच्या हातात आकडा असतो आणि आकड्यापुढे घरातलं कुणी बोलत नाही. पण रुंद हाडापेराचा बोका पाच किलोला सडसडीत असू शकतो आणि बारीक चणीची मांजरी चारलाच लठ्ठ. काटा वजन सांगतो. त्यात हाड किती, चरबी किती हे त्याला कळत नाही.

मग पाहायचं कशावरून? डॉटी लाफ्लॅम या पशुआहारतज्ज्ञ बाईंनी १९९७ साली मांजरांसाठी नऊ पायऱ्यांची शरीरमापन पद्धत तपासून मांडली. पाच ही योग्य पायरी आणि तिच्यावरची प्रत्येक पायरी म्हणजे साधारण दहा ते पंधरा टक्के जादा वजन. जगभरचे पशुवैद्य आज ती वापरतात आणि तिला यंत्र लागत नाही, हात लागतो. मांजर उभं असताना दोन्ही तळवे त्याच्या कुशींवर ठेवायचे आणि बोटं हलकेच मागेपुढे फिरवायची. आपल्याच हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर उत्तम. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर मांजर रोड आहे. तळहातासारखं मऊ लागून बरगडी शोधावी लागली तर चरबी चढली आहे. मग वरून पाहावं: बरगड्यांमागे कंबर किंचित आत गेलेली दिसली पाहिजे. झुबकेदार पर्शियन मांजर डोळ्यांना हमखास फसवतं. हातांना नाही.

पोटाखाली लोंबणाऱ्या कातडीवरून कुणी वाद घालू नये. ती झोळ सडपातळ मांजरालाही असते. उलट, पाठीचा कणा दिसत असताना पिल्लाचं पोट तेवढं टम्म असेल तर "पोटभर खाल्लान" म्हणून सोडून न देता जंताचं औषध विचारावं.

"मांजराला पोटभर घातलं तर उंदीर कोण मारणार?" हा भाताच्या कणगीजवळचा जुना युक्तिवाद. १९७६ साली अ‍ॅडॅमेक या संशोधकाने आवडतं अन्न खात असलेल्या मांजरांपुढे उंदीर सोडून पाहिले. मांजरांनी खाणं अर्धवट टाकलं, उंदीर मारला आणि पुन्हा वाडग्याकडे वळली. शिकारीची ओढ भुकेवर फारशी अवलंबून नसते. तेव्हा उपाशी ठेवून मांजर कामाचं होतं हे खरं नाही, ते नुसतं अशक्त होतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मासळी महागते आणि वाडग्यात भात वाढतो. त्याने वजन टिकेलही, पण मांजराला लागणारं टॉरिन भातात नसतं; ते मांस-मासळीतूनच मिळतं. ते दीर्घकाळ कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. म्हणजे बरगडीची परीक्षा पास झालेलं मांजरही आतून कुपोषित असू शकतं, हेही मान्य करायला हवं.

लठ्ठपणा पटलेली माणसं मग दुसऱ्या टोकाला जातात आणि बोक्याचं खाणं एकदम तोडतात. हे करू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकतं. सहा किलोच्या बोक्याने आठवड्याला साठेक ग्रॅम उतरवले तरी पुरे.

इथे काटा कामाला येतो. त्याने निकाल द्यायचा नाही, फक्त कल दाखवायचा. मांजराला पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावं, पिशवीचं वजन वजा करावं आणि महिन्यातून एकदा भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहावा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम घटणं म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे सात किलो जाणं. म्हातारं मांजर भरपूर खाऊनही उतरत असेल तर थायरॉईड वाढलेलं असू शकतं. खाणं कमी होऊन पाणी वाढलं असेल तर मूत्रपिंडाचा संशय घ्यावा. "कधीपासून सुकलं?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर "गणपतीनंतर कधीतरी" हे उत्तर त्यांच्या काही उपयोगाचं नाही. ऑगस्टात ४.२ आणि ऑक्टोबरात ३.७ असं सांगितलं तर रक्ताच्या कोणत्या तपासण्या आधी करायच्या, हे ते तिथल्या तिथे ठरवू शकतात.