आवाज ऐका, मग पाना उचला

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळच्या लोकलने आम्ही तळेगाव स्टेशनला उतरलो आणि आंबीच्या रस्त्याने नवलाख उंबऱ्याला गेलो. निमित्त घरगुती होते. आमचा भाचा तिथे मोटार दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. आयटीआयचा मोटार मेकॅनिक कोर्स करून दहा-बारा वर्षे त्याने दुसऱ्यांच्या गॅरेजात हात काळे केले. मग आईच्या बचत गटातून आणि एका पतपेढीतून कर्ज उचलून स्वतःचा पत्र्याचा शेड टाकला. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. त्याचा फोन आला, "मामा, अशी गाडी तुम्ही शेवटची सिनेमातच बघितली असेल. या एकदा."

शेडमध्ये १९६४ सालची शेवरले इम्पाला उभी होती. लांबी अशी की शेडचे दार लागत नव्हते. जुन्या हिंदी चित्रपटात खलनायक जिच्यातून उतरायचा तीच ही गाडी. मालक लोणावळ्याचे एक निवृत्त गृहस्थ, गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची. गाडीला क्लचचे पेडल नाही. गिअर आपोआप पडतात. आणि गाडी रडत होती. चालू केली की बारीक शिट्टीसारखा आवाज, रस्त्याला लागली की गुरगुर, आणि वेग वाढला की पोटातून घुमल्यासारखे.

पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजने मालकांना सांगितले होते, हा गिअरबॉक्स फेकून द्या, डिझेल इंजिन आणि साधा गिअरबॉक्स बसवून देतो. आपल्याकडे परदेशी जुन्या गाड्यांचे असे पुष्कळदा झाले आहे. मालकांचा जीव तयार होत नव्हता, आणि त्याला कायद्याचेही कारण होते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. गाडी मूळ रूपात राहिली असेल, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसेल, तरच ती नोंदणी मिळते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल करताच येत नाही. म्हणजे डिझेल इंजिन घातले की गाडी धावली असती, पण वडिलांची गाडी उरली नसती. कुणीतरी त्यांना उंबऱ्याचे नाव सांगितले आणि ते येऊन आमच्या भाच्याला म्हणाले, "जमत असेल तरच हात लाव."

त्याने असा गिअरबॉक्स यापूर्वी एकदाच उघडलेला पाहिला होता, तोही उस्तादाच्या मागे उभा राहून. काम बिघडले असते तर गाडी मालकाची गेली असती आणि नाव ह्याचे. नवे गॅरेज नावावरच चालते.

वाचकांपैकी पुष्कळांची मुले ड्रायव्हर किंवा मेकॅनिक आहेत, म्हणून हा गिअरबॉक्स आतून कसा असतो ते आधी सांगतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याची वायर काढलेली असू द्या. पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. ऑटोमॅटिकमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात असतात. त्या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तो इंजिनाला जोडलेला असतो, म्हणून क्लच लागत नाही. पुढे तेलाचा पंप. त्याच्या दाबाने आतले पट्टे आणि चकत्या आवळल्या जातात आणि मधल्या एका दात्याभोवती फिरणाऱ्या छोट्या दात्यांचा संच पाहिजे तसा अडवला किंवा सोडला जातो. गिअर पडतो तो असा. तेल हेच त्याचे रक्त, तेच बळ आणि तेच वंगण.

हे यंत्र विकायला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बनवले ते अमेरिकेच्या जनरल मोटर्सने. १९३९ मध्ये हायड्रामॅटिक नावाने ते ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी आले. दुसऱ्या महायुद्धात स्टुअर्ट जातीच्या एम-५ रणगाड्यांतही तेच होते. शेवरलेला १९५० मध्ये पॉवरग्लाइड नावाचा दोन गिअरांचा ऑटोमॅटिक मिळाला, आणि आमच्यासमोरच्या इम्पालात तोच बसवलेला होता. ह्या कंपनीने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता, १९५४ मध्ये तो बंद झाला. पुढे तिचा दुसरा एक कारखाना २००८ मध्ये सुरू झाला तो ह्याच नवलाख उंबऱ्याच्या शिवारात. तिथे शेवरले गाड्या बनत. २०२० च्या डिसेंबरात तिथले उत्पादन थांबले आणि २०२४ मध्ये तो ह्युंदाईने घेतला. म्हणजे ज्या गावात शेवरले बनायची थांबली, त्याच गावात ही साठीची म्हातारी शेवरले औषधाला आली होती.

आता आवाजाकडे. आमच्या भाच्याने पहिले दोन दिवस पान्याला हात लावला नाही. मालकांचा फोन आला की सांगायचा, "ऐकतोय." मालकांना ते चमत्कारिक वाटले असावे. पण त्याचे म्हणणे सरळ होते. गाडीतून तीन आवाज येत आहेत, आणि तिन्ही गिअरबॉक्सच्या नावावर लिहून टाकले तर निष्कारण खर्च होतो.

पहिली शिट्टी. गाडी जागेवर उभी, दांडी पार्किंगला, तरी येते. इंजिनाची गती वाढवली की चढते. त्याने पुढचे पट्टे काढून इंजिन काही सेकंद चालवले, म्हणजे अल्टरनेटर आणि स्टिअरिंगचा पंप थांबले. शिट्टी तशीच. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला आणि मूठ कानाला. आवाज तिथेच. त्याची आई, म्हणजे आमची बहीण, चहा घेऊन आली होती. ती उभ्या उभ्या म्हणाली, "अरे, हे तर रिकामं जातं फिरवल्यागत वाजतंय. घास टाकला का त्यात?"

घास म्हणजे तेल. ऑटोमॅटिकचे तेल इंजिनाच्या तेलासारखे बंद गाडीत तपासत नाहीत. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, गिअरबॉक्स चांगला गरम झालेला, दांडी न्यूट्रलला आणि इंजिन चालू, अशा वेळी पट्टी पाहायची. ह्या एका चुकीने कितीतरी गिअरबॉक्स उपाशी तरी चालतात नाहीतर उतू तरी जातात. इथे पट्टीला तेल जेमतेम टेकले. चांगले तेल लालसर असते. करपट वास आणि काळा रंग म्हणजे आतल्या चकत्या जळत आहेत. दुधाळ रंग म्हणजे रेडिएटरमधले पाणी तेलात शिरते आहे. ह्याचे तेल तपकिरी होते आणि इंजिन व गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्यातून थेंब गळत होता, म्हणजे पुढचे सील गेले होते. तेल भरल्यावर शिट्टी निम्म्यावर आली, पण गेली नाही.

दुसरा आवाज रस्त्यावरचा. पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला गुरगुर, वरचा गिअर पडला की चूप. ही खूण फार मोलाची. वरच्या गिअरला दात्यांचा तो संच एकमेकांवर फिरत नाही, सगळा मिळून एकजीव फिरतो. म्हणून दाते खराब असतील तर खालच्याच गिअरला बोलतात.

तिसरा आवाज, पोटातला. बधलवाडीकडच्या उतारावर त्याने गाडी क्षणभर न्यूट्रलला सोडली, रस्ता रिकामा पाहून. (हे तपासणीपुरते. रोजच्या चालवण्यात उतारावर न्यूट्रल करू नये. तेल वाचत नाही, जीव मात्र जाऊ शकतो.) घुमणे तसेच राहिले आणि गाडीच्या वेगाबरोबर चढले-उतरले. म्हणजे त्याचा गिअरबॉक्सशी संबंध नव्हता. १९५८ ते १९६४ च्या ह्या मोठ्या शेवरलेंची चासी इंग्रजी एक्स अक्षरासारखी, आणि मागे जाणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा. मधल्या सांध्याला एक सेंटर बेअरिंग असते. त्याचे रबर विरून गेले होते. बेअरिंग नवे टाकले, दोन्ही क्रॉस बदलले, आणि सर्वात भीतीदायक आवाज सर्वात स्वस्तात बंद झाला.

मग चेंबर उतरवले. तळाशी थोडा राखाडी चिखल असतो, त्याला घाबरायचे नाही, तो झिजेचा. इथे चिखलात पितळी चमक आणि पोलादाचे कण होते. एक कण दात्याच्या टोकाचा होता, नखाएवढा. तो हातावर घेऊन त्याने मालकांना फोन केला आणि जे आहे ते सांगितले. पंप झिजला आहे, दाते तुटले आहेत, तेल बदलून भागणार नाही. पण डिझेलही नको. दुसरा पॉवरग्लाइड शोधू.

वाचकांना वाटेल, साठ वर्षांपूर्वीचा सामान कुठे मिळणार? ह्या गिअरबॉक्सचे नशीब वेगळे आहे. दोनच गिअर, मजबूत आणि हलका, म्हणून अमेरिकेत सरळ रेषेत गाड्या पळवण्याच्या शर्यतींत तो आजही वापरतात. त्यामुळे सील, पॅकिंग, चकत्या अजून तयार होतात. मूळ डबा मात्र भंगारातच. पुण्याचा जुना बाजार झाला, मुंबईला ऑपेरा हाउसची दुकाने झाली, शेवटी कुर्ल्याला एका मोडीत निघालेल्या गाडीचा सापडला. घेण्यापूर्वी त्याने तिथेच चेंबर उघडायला लावले, मागच्या शाफ्टच्या खाचा मोजल्या, डब्याची लांबी जुळवली. दुकानदार वैतागला. वैतागू द्यावे. घरी आणून तो पूर्ण उघडला, झिजलेले बदलले आणि सगळी सीले नवी टाकली.

बसवण्याचे काम आम्ही डोळ्यांनी पाहिले. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचे नाही, विटांवर तर नाहीच. लोखंडी घोड्या लावायच्या आणि गाडी हलवून पाहायची. बॅटरीची वायर आधी काढायची. शाफ्ट सोडताना खडूने खूण करायची, म्हणजे तो होता तसाच बसतो. सगळ्यात नाजूक भाग कन्व्हर्टरचा. तो गिअरबॉक्सवर हाताने फिरवत आत ढकलायचा, तेव्हा एकेक खाच सापडत 'टक्' करून तो आत उतरतो. पूर्ण उतरला नाही आणि तसेच बोल्ट आवळून डबा इंजिनाला ओढून घेतला, तर पंप तिथल्या तिथे फुटतो. डबा इंजिनाला टेकल्यावरही कन्व्हर्टर बोटाने सुटा फिरला पाहिजे. आमच्या भाच्याला शेवटची 'टक्' काही केल्या मिळेना. रात्रीचे नऊ वाजले. दोन वेळा सगळे खाली घेतले. त्याची बायको टॉर्च धरून बसली होती, ती म्हणाली, "आज राहू द्या." त्याने राहू दिले. सकाळी थंड डोक्याने पहिल्या फेरीतच उतरला.

आणखी एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. गिअरबॉक्सचे तेल थंड व्हायला नळ्यांतून रेडिएटरपर्यंत जाते. त्या नळ्यांत जुन्या डब्याचा चुरा बसलेला असतो. तो धुऊन काढला नाही तर नवा डबाही त्याच रोगाने जातो. त्याने नळ्या तेलाने धुतल्या, हवेने फुंकल्या, तेव्हाच जोडल्या. तेलही एकदम भरले नाही. आधी थोडे, मग इंजिन चालू, मग दांडी प्रत्येक गिअरवर फिरवत थोडे थोडे.

आपल्या मुलांच्या हाती आज ज्या ऑटोमॅटिक गाड्या येतात त्यांतल्या बऱ्याच ह्या जातीच्या नसतात, हेही सांगून ठेवतो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोपासून स्वस्त गाड्यांत जी पद्धत पसरली, तिच्यात आत साधाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, फक्त पाय आणि हात यंत्राचे. तिच्यात कन्व्हर्टर नाही, म्हणून चढावर ब्रेक न धरता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी अडवून धरली की क्लच जळतो. दोन्ही जातींना लागू असे एवढेच, की गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स घालायचा नाही.

तेरा दिवसांनी मालक आले. गाडी चालू झाली तेव्हा त्यांनी बॉनेटवर कान ठेवला, मग आमच्या बहिणीकडे पाहिले. ती म्हणाली, "आता दळतंय." लोणावळ्यापर्यंतची फेरी भाच्यानेच मारली, मालक शेजारी बसून. परतताना ते लोकलने त्याच्याबरोबर तळेगावापर्यंत आले, कारण बोलणे संपत नव्हते. मजुरीचा आकडा त्याने आम्हाला सांगितला, पण छापू नका म्हणाला. पाच तारखेचा हप्ता गेला.

जुना डबा त्याने भंगारात घातला नाही. मालकांना विचारून ठेवून घेतला. शेडच्या कोपऱ्यात बाकावर तो उघडा पडलेला आहे, आणि रविवारी दुपारी गावातली आयटीआयची चार-पाच पोरे तो खोलतात आणि परत जुळवतात. त्यांत आमची भाची-सूनही असते. परवा शेवटची 'टक्' तिने मिळवली.