हे कुठं मिळालं?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी जुन्या नाण्यांचा डबा आहे? वर्गात हात वर करायला सांगितले, तर निम्मे हात नक्की वर होतील. आपल्या कोकणात असा डबा घरोघरी सापडतो. तो दादीच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी असतो. त्यात भोकाचा पैसा असतो, राणीच्या छापाचा रुपया असतो, मामूंनी कुवेतहून आणलेली दोन-चार नाणीही असतात. ईदच्या साफसफाईत तो डबा बाहेर निघतो, सगळे जण नाणी हाताळतात आणि पुन्हा तो पेटीत जातो.

मी लोटे गावचा. मुंबई-गोवा महामार्गावर, खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये आमचे गाव आहे. आज लोटे म्हटले की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते. कारखान्यांच्या चिमण्या, रसायनांचे टँकर, हॉटेले, गॅरेजे सगळे काही तिथे आहे. जुन्या नाण्यांचा जाणकार मात्र गावात नव्हता. त्यासाठी एस.टी.ने घाट उतरून चिपळूणला जावे लागे. तिथल्या बाजारपेठेत एका सराफकाकांचे छोटेसे दुकान होते. समोर सोने-चांदीचे दागिने आणि खाली एका लाकडी पेटीत जुनी नाणी. आज मला जे सांगायचे आहे, ते त्या दुकानामुळे सुचले आहे. माझे मत असे आहे की, ज्याला जुन्या नाण्यांची आवड आहे, त्याला जवळच्या बाजारातला एक ओळखीचा नाणेवाला हवाच. पुस्तके हवीत, संग्रहालये हवीत. पण त्या माणसाची जागा त्यांनी भरून निघत नाही.

मी नववीत असताना आमच्या दादीच्या डब्यातून पाच तांब्याची नाणी घेतली. ती काळी पडली होती. दुकानात न्यायची तर स्वच्छ असावीत, म्हणून त्यांतली दोन मी चिंच आणि राख लावून खसाखसा घासली. ती नव्या भांड्यासारखी चमकू लागली. मोठ्या ऐटीत मी ती काकांपुढे ठेवली. काकांचा चेहरा उतरला.

"अरे बाळा, हे काय केलंस?"

मग त्यांनी मला भिंग दिले. न घासलेल्या नाण्यावरचा काळा-तपकिरी थर त्यांनी दाखवला. तो थर म्हणजे मळ नव्हे. तांब्यावर तो वर्षानुवर्षे हळूहळू चढतो आणि खालची अक्षरे जपतो. घासलेल्या नाण्यावरची अक्षरे बोथट झाली होती. त्यांतले एक नाणे शिवराई होते. इ.स. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हापासूनच्या तांब्याच्या नाण्यांची ही परंपरा. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे तिच्यावर असतात. माझ्या शिवराईवर त्यांतली जेमतेम अर्धी उरली होती. हा धडा मला कोणत्याही पुस्तकाने इतका पक्का शिकवला नसता. पुस्तकात 'नाणी घासू नयेत' एवढे एक वाक्य असते. इथे माझेच नाणे माझ्यापुढे होते.

मग काकांनी तो प्रश्न विचारला, जो ते प्रत्येकाला विचारत. "हे कुठं मिळालं?"

मी म्हणालो, "दादीच्या डब्यात."

"डब्यात आणखी काय होतं?"

मी गप्प बसलो. कारण महिन्यापूर्वीच अम्मीने डब्यातली निम्मी नाणी दारावर आलेल्या भांडीवाल्याला मोडीच्या भावाने दिली होती. बदल्यात एक पातेले आले होते.

काकांनी उरलेल्या नाण्यांतली दोन शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवर तराजूचे चित्र होते. मला ती सारखीच वाटली. काका म्हणाले, "यावर काय लिहिलंय ते तूच वाच. मला उर्दू येत नाही." मी वाचले. एका नाण्यावर पारड्यांच्या मध्ये 'अद्ल' असे लिहिले होते, म्हणजे न्याय. दुसऱ्यावर तराजूखाली १२९९ हा आकडा आपल्या उर्दू अंकांत होता. काका म्हणाले, "पहिलं आपल्याकडचंच. कंपनी सरकारचं, मुंबई इलाख्यातलं. हे दुसरं मात्र लांबून आलंय. झांजिबारच्या सुलतान बरगशचं. १२९९ हिजरी म्हणजे इंग्रजी १८८२ च्या सुमाराचं. तिकडेही त्याला पैसाच म्हणत. तुमच्या घरातलं कोणी जहाजावर होतं का?"

घरी येऊन मी दादीला विचारले. तेव्हा पहिल्यांदा मला कळले की तिचे सासरे जहाजावर खलाशी होते आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला त्यांच्या फेऱ्या होत असत. दादीने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलीच नव्हती. भांडीवाल्याकडे गेलेल्या नाण्यांत आणखी कोणत्या बंदरांची नाणी होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. त्या पातेल्यात आमच्याकडे अजून दूध तापते.

मित्रांनो, नाणे कुठे मिळाले याला एवढे महत्त्व का? एक उदाहरण देतो. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती क्षत्रप राजा नहपान याची होती. पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव करून सातकर्णीने त्याचीच नाणी आपल्या नावाने चालवली, हे त्या साठ्यावरून इतिहासकारांना स्पष्ट दिसले. हीच नाणी एकेक करून तेरा गावांच्या बाजारांत विकली गेली असती, तर हे प्रमाण कोणाला कळले असते? आपल्या जिल्ह्यातही संगमेश्वर तालुक्यात एकोणिसाव्या शतकात 'लारीं'चा साठा सापडला होता. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून, तिच्यावर छाप मारून केलेले नाणे. हे नाव इराणातल्या लार शहरावरून पडले. इराणच्या आखातापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत व्यापारात लाऱ्या चालत. विजापूरच्या आदिलशाहीनेही त्या पाडल्या. संगमेश्वर हे नाव त्या नाण्यांना चिकटून राहिले, म्हणून आपल्या किनाऱ्याचा आखाताशी असलेला जुना संबंध आपल्याला हातात धरून दाखवता येतो.

काकांजवळ लाल पुठ्ठ्याची एक जाड वही होती. नाणे, वजन, तारीख आणि शेवटी 'कुठं मिळालं' असे चार रकाने. नाणे विकत घेतले नाही, तरी ते लिहून ठेवत. अमुक गावच्या विहिरीच्या कामात, तमुक घराच्या जोत्यात. अशी वही ठेवणारा दुकानदार दुर्मीळच. पण तोंडी का होईना, ही माहिती गावच्या नाणेवाल्याजवळ असते. शंभर मैलांवरून टपालाने नाणे घेणाऱ्याजवळ ती नसते. नाणी जसजशी हातोहात फिरतात, तसतशी ती माहिती गळून पडते आणि मागे फक्त किंमत उरते.

इथे तुम्ही म्हणाल, "सर, दुकानदार तर स्वस्तात घेतात आणि महाग विकतात!" खरे आहे. नाणेवाला हा व्यापारीच आहे, त्याला नफा हवा. काही जण बनावट मालही खपवतात. शिवरायांच्या नावाच्या खोट्या नाण्यांनी बाजार भरलेला आहे. एकदा एका शहरातल्या दुकानात मीही असा 'सोन्याचा होन' जवळजवळ घेतला होता. काकांनी शिकवले होते म्हणून काठ पाहिला. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या काठावर बारीक सांधा दिसतो आणि अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. या नाण्यावर दोन्ही होते. तेव्हा दुकानदारावर डोळे झाकून विश्वास ठेवा, असे मी म्हणत नाही. दोन दुकानांत विचारा, घाई करू नका. पण फसवणूक ओळखायलाही मला एका दुकानदारानेच शिकवले, हेही खरे ना?

मराठी भाषा याची साक्ष देते. आपण एखाद्या वस्तूची खात्री करून घेतो, तेव्हा 'वाजवून घेतले' म्हणतो. स्वच्छ, ठाम आवाजाला 'खणखणीत' म्हणतो. हे शब्द सराफाच्या पाटावर वाजणाऱ्या रुपयाची आठवण करून देतात. आणि सराफ हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे, तो अरबीतून आला. शिक्का, खुर्दा, मोहर हेही तिकडचेच पाहुणे, आता घरचे झालेले.

आजकाल मुले नाण्याचा फोटो काढून फोनवर किंमत विचारतात. मला याची काळजी वाटते. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. आधी 'फी' भरा, 'कर' भरा, असे सांगून लोकांचे पैसे लुबाडले जातात. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावे लागले की जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नाही. फोनवरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. गावचा दुकानदार उद्याही त्याच ओट्यावर बसलेला असतो, त्याला बाजारात तोंड दाखवायचे असते.

चांगला दुकानदार कायदाही सांगतो. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि अशा पुराणवस्तूंच्या विक्रीला परवाना लागतो, हे १९७२ च्या कायद्यात आहे. तेव्हा चाचा दुबईला निघाले की त्यांच्या बॅगेत जुना रुपया टाकू नका!

आता तुमच्याविषयी थोडे. उर्दू वाचता येणे ही या छंदात केवढी दौलत आहे, याची तुम्हांला कल्पना नाही. मराठ्यांच्या राज्यातले चांदीचे रुपये, अगदी पुण्याचा अंकुशी रुपयासुद्धा, दिल्लीच्या बादशहाच्या नावाने फारसी अक्षरांत पाडले जात. एकदा काकांनी मला एक सुबक, गोल रुपया दिला. मी अडखळत वाचले, "शाह आलम... जर्ब सूरत... सन ४६." काका हसले. "नाव दिल्लीच्या बादशहाचं, गाव सुरतेचं, पण पाडला कंपनी सरकारने, यंत्रावर. बघ कसा गोल आहे. हा कलदार. कल म्हणजे यंत्र." शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये कंपनी १८३५ पर्यंत पाडत होती. अक्षरे मला वाचता आली, पण ती जे लपवत होती ते काकांना ठाऊक होते. आम्हां दोघांना मिळून तो रुपया कळला. तुमच्या कपाटातही काय असेल, सांगता येत नाही. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती देशांत चालवण्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, हज यात्रेकरूंसाठीही खास नोटा होत्या. आपल्या भागातून हजला आणि आखातात किती माणसे गेली!

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. चार दिवसांनी मी काकांच्या दुकानी गेलो. काका तेव्हा सत्तरीपुढे गेले होते. दुकानात गुडघाभर चिखल होता. लाकडी पेटीतली तांब्याची नाणी धुऊन फडक्यावर मांडली होती. त्यांना काही झाले नव्हते. वही मात्र लगदा झाली होती. तिची पाने एकमेकांना चिकटली होती आणि शाई पसरली होती.

त्यानंतर मी महिनाभर दर रविवारी चिपळूणला गेलो. काका एकेक नाणे उचलत, आठवत आणि सांगत. मी नव्या वहीत लिहीत असे. बहुतेक त्यांना आठवले. चाळीस-पन्नास नाण्यांपाशी मात्र ते बराच वेळ थांबले, भिंगातून पाहिले आणि नाणे खाली ठेवले. त्या नाण्यांपुढचा शेवटचा रकाना अजून कोराच आहे.